काचेचा डोळा काचेचा नसतो



मागच्या महिन्यात एका लग्नात माझ्या माहेरकडच्या एक काकू मला बाजूला घेऊन गेल्या. आधी इकडे तिकडे पाहिलं, मग आवाज अगदी खाली आणून म्हणाल्या, "तुझ्या लेकीचं मला माहीत आहे गं. आमच्या नातवाचाही एक डोळा काढावा लागला. तो काचेचा डोळा किती वर्षं टिकतो? आणि एकदा बसवला की झालं ना?"

त्यांना मी तिथंच, पंगतीच्या गडबडीत, जमेल तेवढं सांगितलं. पण घरी आल्यावर वाटलं, हे कुजबुजत सांगायचं कशाला? आपल्यात अशी किती घरं असतील. म्हणून आज उघड लिहिते आहे. लेकीला विचारूनच लिहिते आहे. ती म्हणाली, "लिही आई, फक्त रडकं लिहू नकोस."

माझी लेक अडीच वर्षांची असताना तिच्या डाव्या डोळ्यात कॅन्सर सापडला. रेटिनोब्लास्टोमा म्हणतात त्याला, लहान मुलांच्या डोळ्याच्या पडद्यात होतो. फ्लॅश टाकून काढलेल्या फोटोत तिची एक बाहुली लाल न दिसता पांढरी चमकायची, मांजरीच्या डोळ्यासारखी. आम्ही त्यावर हसलोही होतो. तुमच्या घरातल्या कुठल्याही बाळाच्या फोटोत असं वारंवार दिसलं तर हसू नका, त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. एवढं एक वाक्य लक्षात राहिलं तरी या लेखाचं काम झालं.

डोळा काढला, जीव वाचला. आत एक गोळा बसवला, तो कायमचा. त्याच्यावर पापण्यांच्या आत बसतो तो शिंपल्याच्या आकाराचा पातळ डोळा, जो काढता घालता येतो. आपण ज्याला काचेचा डोळा म्हणतो तो हा. आणि पहिली गोष्ट हीच की तो काचेचा नसतो.

एके काळी होता. जर्मनीत थुरिंगिया भागात लाउशा नावाचं काचकामाचं गाव आहे. तिथल्या लुडविग म्युलर-उरी या कारागिरानं 1868 च्या सुमारास क्रायोलाइट नावाचं खनिज घातलेली पांढरी काच डोळ्यांसाठी वापरात आणली आणि जगभर जर्मन डोळे जायला लागले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीचा माल बंद झाला, तेव्हा अमेरिकेच्या सैन्यातल्या दातांच्या तंत्रज्ञांनी कवळीसाठी वापरतात त्याच अ‍ॅक्रिलिकचे डोळे करून पाहिले. ते जमले आणि राहिले. आज आपल्याकडे जो डोळा मिळतो तो याच अ‍ॅक्रिलिकचा. लांबलचक नाव पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट, थोडक्यात पीएमएमए. म्हणजे माझ्या सासूबाईंची कवळी आणि माझ्या लेकीचा डोळा एकाच जातीचे आहेत. दोघी एकमेकींना यावरून चिडवतात.

हेच अ‍ॅक्रिलिक युद्धात लढाऊ विमानांच्या पारदर्शक छतांनाही वापरायचे. त्याचे कण वैमानिकांच्या डोळ्यात घुसून राहिले तरी डोळा फारशी तक्रार करत नाही, हे इंग्लंडच्या हॅरोल्ड रिडली या डॉक्टरांच्या लक्षात आलं. 1949 साली लंडनमध्ये त्यांनी याच पदार्थाची भिंग मोतीबिंदूच्या रुग्णाच्या डोळ्यात बसवली. आपल्या आई-आजींच्या डोळ्यांतल्या भिंगाची सुरुवात तिथली. सांगायचं एवढंच की हा पदार्थ शरीराशी जमवून घेणारा आहे. मग माझ्या लेकीला त्याचा त्रास का झाला? कारण पदार्थ चांगला असून भागत नाही, त्याचा पृष्ठभाग चांगला राहावा लागतो. हे मला शिकायला दीड वर्ष लागलं, आणि ती शिकवणी माझ्याच चुकीची होती.

2020 पर्यंत आम्ही तिला वर्षातून एकदा मोठ्या शहरात डोळा तपासायला आणि पॉलिश करायला नेत होतो. लॉकडाऊन लागला आणि ते बंद पडलं. त्याच वेळी घराघरात जे सुरू झालं ते आमच्याकडेही झालं. भाजी धू, दाराच्या कड्या पूस, नोटा पूस. मी लेकीचा डोळा रोज रात्री काढून घ्यायला लागले, सॅनिटायझरच्या कापसानं चांगला घासून पुसायचा आणि कोरड्या डबीत ठेवायचा. स्वच्छता ठेवते आहे याचं मला समाधान होतं. ती नको म्हणायची, मी ऐकायची नाही.

तीन-चार महिन्यांत डोळ्यातून चिकट पाणी यायला लागलं. मग पिवळट स्राव. सकाळी पापण्या चिकटलेल्या. फोनवर विचारून थेंब आणले, ते संपले, दुसरे आणले. जितका स्राव वाढला तितकं मी जास्त पुसायला लागले. ती ऑनलाइन वर्गात कॅमेरा लावेना. जेवायला आमच्या डाव्या बाजूला बसेना. आणि मी रात्री जागी राहून एकच विचार करत होते, तो परत आला. ज्या बाईनं लेकराचा कॅन्सर पाहिला आहे तिला हे सांगायला नको. ही गोष्ट मी घरात कुणाला बोलले नाही. नंतर कळलं की लेकही तेच समजून गप्प होती. चौदा वर्षांची पोर.

शेवटी शहरात गेलो. डॉक्टरांनी तपासलं, स्कॅन केलं. आत सगळं स्वच्छ होतं. मग डोळा बनवणाऱ्यांकडे पाठवलं. त्यांनी डोळा हातात घेतला, कापडानं पूर्ण कोरडा केला आणि दिव्याखाली तिरपा धरला. मला म्हणाले, "काकू, हा कशानं पुसता?"

मी सांगितलं. त्यांनी मला भिंग दिलं. लेकीच्या डोळ्यावर केसासारख्या चिरांचं जाळं पसरलं होतं, उन्हाळ्यात सुकलेल्या तळ्याच्या गाळासारखं. मध्ये मध्ये पांढरट पापुद्रे. तो डोळा तिच्या पापणीच्या आतल्या मऊ कातडीवर प्रत्येक उघडझापीला घासत होता. जगातले सगळे थेंब आणले असते तरी काय उपयोग होता?

आता यातलं शास्त्र मला समजलं तसं, आपल्या स्वयंपाकघरातून सांगते.

प्लॅस्टिकचा नवा डबा घ्या. त्यात आमटी ठेवली, धुतला, स्वच्छ. तोच डबा वर्षभर तारेच्या घासणीनं घासा. आता हळदीचा डाग निघत नाही. हळद तीच, डबाही तोच. फरक चरांचा. चरांमध्ये जे बसतं ते हाताला लागत नाही. अश्रूंमध्ये नुसतं पाणी आणि मीठ नसतं, प्रथिनं असतात, चिकट पदार्थ असतो. गुळगुळीत पृष्ठभागावरून पापणी ते पुसून नेते. खरखरीत पृष्ठभागावर ते धरून बसतं, त्याचा थर होतो, थरावर जंतू बसतात, आतली कातडी चिडते, चिडली की आणखी स्राव करते. आणि घरची बाई त्याला जंतुसंसर्ग समजून आणखी जोरात घासते.

स्पिरिट, सॅनिटायझर, नेलपॉलिश काढायचं द्रव हे अ‍ॅक्रिलिकचे वैरी आहेत. स्पिरिटनं त्याला बारीक तडे जातात, नेलपॉलिशच्या ॲसिटोननं ते चक्क विरघळतं. उकळत्या पाण्यात टाकला तर मऊ पडून आकार बिघडू शकतो. टूथपेस्ट आणि भांड्याची पावडर ओरखडे पाडतात. माझ्यासारखं करू नका.

काचेत आणि यात एक मोठा फरक आहे, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. काचेच्या डोळ्याला त्याचा गुळगुळीतपणा ज्योतीतच मिळतो. वितळलेली काच थंड होताना आपोआप आरशासारखी होते, कुणाला घासावी लागत नाही. पण पडला की फुटतो, आणि अश्रूंनी हळूहळू झिजून खरखरीत झाला की पुन्हा घासून नीट करता येत नाही, बदलावाच लागतो. जर्मनीत अजूनही काचेचे डोळे वापरतात, तिथं ते साधारण एक-दोन वर्षांत नवा करतात. अ‍ॅक्रिलिक हातातून पडलं तरी सहसा फुटत नाही, काचेच्या निम्म्याहून कमी वजनाचं असतं, पण मऊ असल्यानं ओरखडे लवकर येतात. त्याची चमक माणसानं हातानं आणलेली असते. म्हणूनच ती जाते, आणि म्हणूनच पुन्हा आणताही येते. पण आणायला जावं लागतं.

ती कशी आणतात ते मी पाहिलं. फिरत्या चाकावर सुती कापडाची चकती असते. आधी ओल्या प्युमिसची पूड लावतात. टाचा घासायला आपण तो हलका, भोकाभोकाचा दगड वापरतो ना, त्याचीच बारीक पूड. मग त्याहून बारीक, मग त्याहून. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीचे ओरखडे काढते आणि आपले लहान ओरखडे सोडते. घाईत मधली पायरी गाळली तर वरून चमक दिसते पण खाली चर राहतात. चाक सतत ओलं ठेवतात, नाहीतर घर्षणानं तापून अ‍ॅक्रिलिक बिघडतं. शेवटी पूर्ण कोरडा करून दिव्याखाली धरायचा. ट्यूबलाइटची रेघ त्यात सरळ, धारदार दिसली पाहिजे. अंधुक किंवा तुटक दिसली तर परत चाकावर. ओला असताना मात्र तपासू नये, पाणी चरांत भरून सगळं गुळगुळीत भासतं.

लेकीच्या डोळ्याचे तडे खोल होते, पॉलिशनं निघाले नाहीत. नवा करावा लागला. आणि तेव्हा मी पहिल्यांदा सगळं काम जवळून पाहिलं. डोळ्याच्या खोबणीचा साचा घेतात, त्यावरून मेणाचा नमुना, मग पांढरं अ‍ॅक्रिलिक, त्यावर हातानं रंगवलेली बाहुली, बारीक लाल धाग्यांच्या शिरा, आणि वर पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचा थर. लाल धागा रेशमाचा असतो असं ऐकून मी दचकले. त्यांना विचारलं तर म्हणाले, सुती किंवा रेयॉनचा भरतकामाचा धागाही चालतो, तुम्ही सांगा तो घालतो. सांगितलं. विचारायला लाजू नका.

पारदर्शक थर शिजवताना घाई चालत नाही. एकदम जास्त उष्णता दिली तर आतलं द्रव उकळून बुडबुडे राहतात, आणि कमी शिजवलं तर कच्चं द्रव आत राहून कातडीला झोंबतं. ढोकळ्यासारखंच, आच आणि वेळ दोन्ही सांभाळावी लागते. स्वस्तात एका दिवसात डोळा करून देतो म्हणणाऱ्याला एवढं जरूर विचारा, किती वेळ शिजवणार?

आता माझी मतं सांगते. काहींना पटणार नाहीत.

पहिलं, डब्यातून रंग जुळवून दिलेला तयार डोळा लेकरांना तात्पुरता ठीक, कायमचा नको. तो खोबणीत नीट बसत नाही, मागं पोकळी राहते आणि तिथं स्राव साठतो. आमच्या घरीही आधी तोच आणला होता, कारण "मुलीला कळतंय काय अजून". बेतून केलेला डोळा कितीतरी महाग पडतो हे खरं आहे. पण आपण लेकीच्या बांगड्यांना दर दिवाळीला सोनाराकडे उजाळा देतो आणि डोळ्याच्या पॉलिशला म्हणतो, पुढच्या वर्षी बघू. हा पैशांचा प्रश्न नाही.

दुसरं, पॉलिशला शृंगार म्हणू नका. आमच्या स्वाध्यायातल्या एका ज्येष्ठ बाई मला म्हणाल्या, "देहाचाच मोह सोडायचा, तिथं खोट्या डोळ्याची चमक कसली?" त्यांचा मला आदर आहे. पण ती चमक कुणाला दाखवायची नाही. पापणीच्या आतली ओली कातडी दिवसातून हजारो वेळा त्याच्यावरून फिरते. तिला इजा होऊ नये म्हणून जपणं यालाच आपण यत्नाचार म्हणतो. पाणी गाळताना ज्या जीवांचा आपण विचार करतो तेवढाच आपल्या लेकराच्या पापणीचा करावा.

तिसरं, रोज रोज काढून धुणं ही माया नाही, भीती आहे. न्यूझीलंडमधल्या अभ्यासकांनी डोळा वापरणाऱ्यांची पाहणी केली तेव्हा वारंवार काढून धुणाऱ्यांनाच स्रावाचा त्रास जास्त असल्याचं दिसलं. त्रास जास्त म्हणून ते धुतात की धुतात म्हणून त्रास, हे त्यावरून ठरत नाही. पण माझ्या घरात दोन्ही खरं होतं. आता लेक डोळा दिवसरात्र ठेवते. महिन्यातून एकदा, किंवा काही टोचलं तर, हात धुऊन काढते, उकळून गार केलेल्या पाण्यात सौम्य साबणानं बोटांनी धुते, स्वच्छ पाण्यानं साबण पूर्ण घालवते आणि ओलाच घालते. बाहेर ठेवायचा झाला तर पाण्यात ठेवते, कोरड्या डबीत नाही. उकळलेलं पाणी आपल्या घरात असतंच, त्याला वेगळी तयारी लागत नाही. पण तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचं ऐका.

चौथं आणि माझ्या मते सगळ्यात मोठं. लपवू नका.

मी वर लिहिलं, आम्ही पॉलिशला मोठ्या शहरात जायचो. का? आमच्याच गावात दंत महाविद्यालय आहे. भारतात बऱ्याच दंत महाविद्यालयांत कवळ्या करणारा विभाग असे डोळेही करतो आणि पॉलिशही करून देतो. आमच्या घरापासून रिक्षानं पंधरा मिनिटं. आम्हाला ते माहीत होतं. पण नणंदबाई म्हणाल्या होत्या, "वहिनी, तिथं आपली निम्मी ओळखीची माणसं. उद्या स्थळं बघायची आहेत. दूर जा." आणि मला ते पटलं होतं. मीच लेकीला शिकवलं होतं की फोटोत मान थोडी वळव, कुणी विचारलं तर "लहानपणी लागलं होतं" म्हण. म्हणून लॉकडाऊनमध्ये गाड्या बंद झाल्या तेव्हा पॉलिश बंद पडलं. निर्बंध सैल झाले की पंधरा मिनिटांच्या अंतरावर जाता आलं असतं. सॅनिटायझर मी लावला, पण तो डोळा खराब केला तो लपवण्यानं. ज्या गोष्टीचं नाव घ्यायचं नाही तिची देखभाल होत नाही. मुलीच्या डोळ्याचीच नव्हे, घरातल्या कुठल्याही दुखण्याची.

तुम्ही म्हणाल, बोलायला सोपं, लग्नाच्या वेळी कळेल. कळलं आहे. गेल्या वर्षी एका घरून विचारणा झाली. ती अजून शिकते आहे, आम्हाला घाई नाही, पण मी फोनवर पहिल्याच बोलण्यात सांगितलं. त्यांचा परत फोन आला नाही. मला दोन दिवस जड गेले. लेक म्हणाली, "आई, लग्नानंतर कुणाच्या तरी घरात बाथरूमची कडी लावून डोळा धुण्यापेक्षा हे बरं नाही का?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

आता आम्ही दरवर्षी पर्युषणाच्या आधी, घराची झाडलोट निघते त्याच आठवड्यात, पॉलिश करून आणतो. गावातच. मुलांचं दर सहा महिन्यांनी दाखवावं, कारण चेहरा वाढतो आणि डोळा लहान पडतो. मोठ्यांना एक डोळा साधारण पाच वर्षं पुरतो. प्रत्येक पॉलिशमध्ये थोडा थोडा थर जातोच, शिवाय खोबणीही बदलते, म्हणून नवा कधी करायचा ते त्यांना विचारत राहायचं. आणि हेही लिहून ठेवा. रक्त, दुर्गंधी, वेदना, किंवा पापणी अचानक पडली तर पॉलिशची वाट न पाहता आधी डॉक्टर. कॅन्सरची तपासणी ही वेगळी, ती कधी चुकवायची नाही. जो डोळा शाबूत आहे त्याच्यासाठी पॉलिकार्बोनेटच्या भिंगांचा चष्मा घालायचा, नंबर नसला तरी. एकच आहे तो.

त्या लग्नातल्या काकूंना मी शेवटी म्हटलं, "काकू, टिकण्याचं विचारलंत. पाच वर्षं टिकतो, पण सांभाळणारं घर हवं." त्यांनी पुन्हा इकडे तिकडे पाहिलं. मग नातवाला हाक मारून माझ्या लेकीशेजारी बसवलं. सात वर्षांचा आहे. लेकीनं त्याला विचारलं, "तुझा कुठला? माझा डावा." तो म्हणाला, "माझा पण!" आणि दोघं जिलेबी खायला लागले. काकूंनी पदरानं डोळे पुसले, पण यावेळी इकडे तिकडे पाहिलं नाही.

जय जिनेंद्र.